भोंग्याचं ऐकतो कोण?

त्याला सगळे भोंगा म्हणत, आणि तोंडावर म्हणत. पाठीमागे म्हणायची सोय नव्हती, कारण त्याचा आवाज जितका दणदणीत तितकेच कान तिखट. कानाची मशीनं विकणाऱ्या दुकानात तो एकोणीस वर्षं नोकरीला होता. पाटीवर 'श्रवणयंत्र केंद्र' असं भारदस्त लिहिलेलं, पण पोस्टमनपासून पोलिसापर्यंत सगळे त्याला बहिऱ्यांचं दुकान म्हणत. मालक सोडून कुणाला त्याचं वाईट वाटत नसे.

भोंग्याचा आवाज जन्मजात नव्हता, घरगुती होता. त्याचे वडील, आप्पा, छत्तीस वर्षं पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात प्रेसवर होते. दर चार सेकंदांना एक ठोका, ठोक्याला एक झाकण. छत्तीस वर्षांत आप्पांनी दुनियेच्या डब्यांना झाकणं बसवली, आणि कारखान्याने आप्पांच्या दोन्ही कानांना बसवली. त्या घरात पोरं बोलायला शिकायची नाहीत, एकदम ओरडायलाच शिकायची. भोंगा लहानपणी "पाणी" म्हणाला की शेजारीण पाणी घेऊन यायची.

पण ते ओरडणं म्हणजे नुसता गोंगाट नव्हता. आप्पांशी बोलायचं तर समोर यावं लागे. तोंड उजेडाकडे करावं लागे, म्हणजे त्यांना ओठ दिसत. वाक्य तोडून, सुटं सुटं बोलावं लागे, आणि बोलून झालं की गप्प बसून समोरच्या तोंडावर काय उमटतंय ते बघावं लागे. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. दुकानात लागल्यावर ते सगळं आयतं कामाला आलं. पहिल्याच आठवड्यात त्याने मिशी उडवली, ग्राहकाची खुर्ची खिडकीकडे तोंड करून होती ती उलटी फिरवली, आणि काउंटरच्या पलीकडून अलीकडे येऊन बसायला लागला. लोक येत ते चिडलेले, ओढून आणलेले. जाताना कानामागे मशीन आणि तोंडावर चोरून केलेलं हसू असे.

"काय त्रास आहे?" असं त्याने विचारलं की उत्तर नेहमी सोबतचा माणूस द्यायचा.

"अहो, हे आमचं ऐकत नाहीत."

"ऐकू येत नाही, की ऐकत नाहीत?"

"दोन्ही."

"पहिल्यावर मशीन आहे. दुसऱ्यावरचं अजून कुठल्या कंपनीने काढलेलं नाही. निघालं की पहिला नग मी घरी नेणार आहे."

सगळे हसायचे. भोंगाही हसायचा, पण त्याचं हसू जरा लवकर संपायचं. कारण अर्ध्या गावाच्या कानात मशीन बसवणाऱ्या भोंग्याच्या स्वतःच्या बापाचे कान मोकळे होते. त्याने आप्पांसाठी तीन मशीनं आणली होती. पहिलं शर्टाच्या खिशात राहिलं आणि धुतलं गेलं. दुसरं "शिट्टी मारतं, चार माणसांत बरं दिसत नाही" म्हणून काढून ठेवलं. तिसऱ्याबद्दल विचारलं की आप्पांना तेवढंच वाक्य ऐकू येईनासं व्हायचं.

हे असंच चाललं असतं, पण मध्ये ती बिस्किटांची व्हॅन आली.

आप्पा रोज चार वाजता रस्ता ओलांडून समोरच्या बागेत पत्ते खेळायला जात. चार म्हातारे, एक बाक, एक जोड, त्यातही एक गुलाम हरवलेला. त्याच्या जागी औषधाच्या खोक्याचा तुकडा. त्या दिवशी ते रस्त्याच्या मधोमध असताना मागून व्हॅन आली. ड्रायव्हरने हॉर्न दाबला, पुन्हा दाबला, मग ब्रेक दाबला. व्हॅनचा आरसा आप्पांच्या कोपराला लागून मिटला. आप्पांना वाटलं, कोणी ओळखीचा मस्करीत कोपर मारून गेला. त्यांनी वळूनही न बघता हात वर केला आणि बागेत शिरले.

सूनबाईंनी हे खिडकीतून पाहिलं. त्या शिवणकामाच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला जात. त्या दिवशी निघायला उशीर झाला होता म्हणून दिसलं. भोंगा घरी आला तेव्हा त्या पाळी बुडवून, चपला तशाच घालून दारातच उभ्या होत्या.

"एक तारखेपासून आप्पांच्या कानात मशीन दिसलं तर ते बाहेर जातील. नाही दिसलं तर मी दाराला बाहेरून कुलूप लावून जाणार."

"अगं, पत्ते बंद झाले तर ते झुरतील."

"झुरलेले चालतील. चाकाखाली नकोत. आणि अहो, गावाला कान विकता, घरचे दोन कान होत नाहीत तुमच्याकडून?"

भोंग्याने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. एक तारखेला पंधरा दिवस होते.

नेमक्या त्याच आठवड्यात मालक एक चकचकीत पत्रक घेऊन दुकानात आले. गावातल्या मोठ्या हॉटेलच्या सभागृहात दोन दिवसांचं शिबिर. 'समोरच्याचं मन वळवा, त्याच्या नकळत.' मालकांना 'नकळत' हा शब्द फार आवडला होता. एरवी असल्या शिबिराचं नाव काढलं की भोंग्याची पाठ दुखायची, पण या वेळी तो म्हणाला, "जातो." त्याला गिऱ्हाईक नव्हतं वळवायचं, बाप वळवायचा होता.

सकाळी निघताना त्याने मन वळवायच्या त्या विद्येचं पत्रकावरचं इंग्रजी नाव आप्पांना सांगितलं, "शिबिराला चाललोय. न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग!"

आप्पांनी ओठ नीट पाहिले. "नवरा? नवऱ्याचं प्रोग्रॅमिंग? ते तुझ्या बायकोने केलंय की. परत कशाला?"

सभागृहात साठ खुर्च्या, थंडगार हवा, आणि गालाला चिकटलेला माइक लावून इकडून तिकडे फिरणारा एक गुळगुळीत माणूस. त्याला सर म्हणायचं होतं. शब्दांना काडीची किंमत नसते, हे सरांनी सलग तीन तास शब्दांतच सांगितलं. मग कौशल्यं सुरू झाली. समोरचा जसा बसेल तसं बसा, हात हलवेल तसा हात हलवा, त्याचा आरसा व्हा. आवाज खोल ठेवा, संथ ठेवा, मध ओघळल्यासारखा. बोटांची टोकं जुळवून हनुवटीपुढे मनोरा करा, त्याने वजन पडतं. 'घ्यायचं का' असं कधी विचारू नका. घेणार हे धरूनच चाला आणि 'करडं घेणार की तपकिरी' एवढंच विचारा. आणि सगळ्यात जालीम म्हणजे नांगर, जहाजाचा असतो तसा. माणूस खुशीत असताना त्याच्या खांद्यावर ठरावीक पद्धतीने हलकेच टिचक्या मारायच्या. दोनचारदा असं केलं की खुशी त्या टिचक्यांना बांधली जाते. मग हवं तेव्हा टिचक्या मारा, खुशी हजर, आणि खुशीतला माणूस नाही म्हणत नाही.

"किती टिचक्या, सर?" भोंग्याने विचारलं. साठ माणसं दचकली, आणि सरांनी आपला माइक बिघडला की काय म्हणून हात लावून पाहिला.

"तीन," सर म्हणाले. "एक अपघात वाटतो, दोन सवय वाटते, तीन मनात उतरतात."

भोंग्याने लिहून घेतलं. पुढे सरांनी सांगितलं की जगात माणसं तीन प्रकारची: डोळ्यांची, कानाची आणि स्पर्शाची. कानाच्या माणसाशी 'ऐका', 'नाद', 'सूर' अशा शब्दांत बोलायचं. भोंगा पुन्हा उठला.

"सर, आमच्याकडे कानाची माणसं येतच नाहीत. येतात ती कान गेलेली."

"सुंदर प्रश्न!" सर म्हणाले आणि पुढच्या पानावर गेले. दुसऱ्या दिवसापर्यंत सगळ्यांना कळलं होतं की 'सुंदर प्रश्न' म्हणजे खाली बस.

सोमवारी दुकानात प्रयोग सुरू झाले. पहिल्या आल्या त्या एक आजी, ऐंशीच्या घरातल्या, सोबत सून. आजी खुर्चीत बसल्या आणि सवयीने उजवा तळवा कानामागे धरून पुढे झुकल्या. भोंग्याने शिकवल्याप्रमाणे आरसा धरला. तोही पुढे झुकला आणि त्यानेही तळवा कानामागे धरला. आजी वाट बघू लागल्या, तो काही बोलेल म्हणून. भोंगा वाट बघू लागला, आजींचा विश्वास बसेल म्हणून. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा एक फेरी पुरी करून गेला. दोघं एकमेकांकडे कान करून बसलेले.

शेवटी आजी सुनेकडे वळल्या. "अगं, याला माझ्यापेक्षा कमी ऐकू येतं. आधी त्यालाच एक बसवून घे म्हणावं."

भोंग्याने घाईघाईने मधाचा आवाज काढला. खोल, संथ. "आजी, तुम्हाला करडं आवडेल की तपकिरी?"

"काय?"

"करडं... की तपकिरी..."

"मोठ्याने बोल रे! नुसते ओठ काय हलवतोस?" तेवढ्यात त्याने बोटांचा मनोरा केला, आणि ओठही दिसेनासे झाले. आजी उठल्याच. "चल गं. मागच्या खेपेला इथे एक मोठ्या आवाजाचा चांगला माणूस होता. त्याला काढलेला दिसतो."

त्या आठवड्यात असे पाच जण परत गेले. मालक मात्र लांबून बघून खूश होते. भोंगा पहिल्यांदाच सभ्य आवाजात बोलत होता, आणि दुकानाला शांतता शोभून दिसत होती.

भोंग्याला त्याची फिकीर नव्हती. त्याचा खरा प्रयोग घरी होता. पण त्याआधी या घरातली एक रीत सांगायला हवी. आप्पांना हाक ऐकू जात नसल्याने घरातल्या सगळ्यांनी वर्षानुवर्षं त्यांच्या खांद्याची भाषा केलेली होती. एक टिचकी म्हणजे जेवायला चला. दोन म्हणजे कोणी भेटायला आलंय. आणि घरात माणसं चार, न्हाणीघर एक, त्यामुळे तिसरीही खूण लागायची. तीन टिचक्या म्हणजे न्हाणीघर रिकामं झालं, उठा. ही भाषा घरात इतकी मुरली होती की ती भाषा आहे हेच भोंग्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

संध्याकाळी आप्पा नातीला सांगत होते, बागेतल्या मास्तरांनी औषधाच्या खोक्याचा गुलाम कसा लपवला आणि आपण तो कसा पकडला. सांगता सांगता ते स्वतःच इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. हीच ती वेळ! भोंगा मागून आला आणि त्याने खांद्यावर हलकेच तीन टिचक्या मारल्या.

आप्पांचं हसू थांबलं. ते उठले, दोरीवरचा टॉवेल घेतला आणि आत गेले. दहा मिनिटांनी केस पुसत बाहेर आले आणि नातीला म्हणाले, "हं, तर मास्तर काय म्हणतो..."

भोंगा चक्रावला. खुशीचा नांगर आणि टॉवेल यांचा काय संबंध, त्याला कळेना. सरांनी चिकाटी ठेवा म्हणून बजावलं होतं, त्याने ठेवली. मंगळवारी आप्पा दूध पिऊन मिशीतल्या मिशीत हसले, तीन टिचक्या, आंघोळ. बुधवारी नात परीक्षेत पास झाल्याचं कळलं, तीन टिचक्या, आंघोळ. गुरुवारी दोनदा.

"आप्पांना बरं नाहीये का?" सूनबाईंनी विचारलं. "साबण चार दिवसांत संपला. पंखा पुसावा तसे स्वतःला पुसत असतात."

शुक्रवारी संध्याकाळी पुन्हा खांद्यावर तीन टिचक्या पडल्या, आणि आप्पा उठले नाहीत. त्यांनी शर्टाची बाही नाकाशी नेली, हुंगली, काखेकडे मान वळवली. मग मुलाकडे पाहिलं. राग नव्हता, त्यापेक्षा वाईट काही होतं.

"म्हातारा झालो," ते म्हणाले. "घाण येत असेल अंगाला. सांगायचं होतं नीट. असं पोराकडून रोज ढकलून न्हाणीघरात पाठवून घ्यायचं वय नाही माझं."

आणि त्यांनी खुर्ची उचलली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि बसले. ऐकू येणारा माणूस डोळे मिटतो तेव्हा निदान कान उघडे असतात. बहिऱ्या माणसाने पाठ फिरवली की संपलं, त्याच्याशी बोलायचं दारच बंद झालं. एक तारखेला तीन दिवस होते.

शनिवार तसाच गेला. आप्पा पत्त्यांनाही गेले नाहीत. सूनबाई म्हणाल्या, "चला, कुलपाचा खर्च वाचला," पण म्हणताना आप्पांच्या चपला दारात सरळ करून ठेवल्या.

रविवारी सकाळी भोंग्याने शिबिराची वही कपाटावर टाकली. आप्पांची खुर्ची भिंतीपासून हातभर होती. त्या हातभर जागेत तो अंग चोरून शिरला आणि आप्पांच्या गुडघ्यांसमोर जमिनीवर बसला. तोंडावर खिडकीचा उजेड येत होता.

"वास येत नाही!" तो जुन्या आवाजात म्हणाला. समोरच्या इमारतीतल्या एका बाईने खिडकी उघडून पाहिलं. "तुमच्या अंगाला! वास! येत नाही! तुम्ही मशीन लावावं, एवढंच मला हवं होतं!"

आप्पांनी खुर्ची जरा मागे सरकवली. "मग तसं बोल की गाढवा. आठवडाभर मला धूत कशाला बसला होतास?"

भोंग्याने शिबिर, नांगर, खुशी सगळं सांगितलं. आप्पा हसले नाहीत, पण त्यांची मिशी हलली.

"का नाही लावत तुम्ही मशीन?" भोंग्याने विचारलं. विचारल्यावर त्याचं त्यालाच जाणवलं की 'लावा' हे त्याने हजारदा म्हटलंय, 'का' हे पहिल्यांदाच.

आप्पा म्हणाले, "मास्तरला तूच लावलंस ना? छान चालतं त्याचं. आता त्याची सून आतून ओरडते, 'जेवायला या'. नातू मोबाइलमधून मान वर न काढता बोलतो. म्हाताऱ्याला ऐकू येतंय, मग उठायचं कशाला? परवा बाकावर मला म्हणाला, गड्या, आवाज सगळे आले, तोंडं गेली." त्यांनी आतल्या खोलीकडे बोट केलं. "तुझी बायको मला पाणी देते तेव्हा खांद्याला हात लावते. पोरगी समोर मांडी घालून बसते. तुम्ही एकमेकांशी कसे बोलता ते बघतो मी. तू इथे, ती तिथे, मध्ये भिंत, आणि नुसता आरडाओरडा. माझ्याशी बोलायचं तर यावं लागतं. हे मशीन लावून मी काय मिळवू?"

भोंग्याला सरांचं काहीतरी आठवलं. समोरच्याच्या अडचणीला नवी चौकट द्या. त्याने घसा साफ केला. "आप्पा, याकडे जरा वेगळ्या नजरेने—"

"तुझ्या त्या सरांचं नको. तुझं बोल."

भोंग्याने आप्पांच्या कोपराकडे पाहिलं. मग म्हणाला, "घरात आम्ही समोर येतो, आप्पा. रस्त्यावर गाडी समोर येऊन बोलत नाही. ती मागूनच बोलते. आणि एकदाच बोलते."

आप्पांनी कोपरावरची फिकी पडलेली निळी खूण चोळली. म्हणजे त्यांना कळलं होतं. मस्करी कुणाची होती ते केव्हाच कळलं होतं.

"उंबऱ्याबाहेर लावीन," ते शेवटी म्हणाले. "आत आलो की काढणार. आणि घरात कुणी लांबून हाक मारली तर मशीन संडासात जाईल. पाचवं आणायचं नाही."

"कबूल."

"करडं नको. म्हातारं दिसतं."

पुढे मालकांना हे कळलं तेव्हा त्यांनी टेबलावर हात आपटला, "बघ, शिबिर लागू पडलं!" आणि सरांच्या पुढच्या पत्रकावर भोंग्याचा फोटो आला, बोटांचा मनोरा करून, खाली ओळ: 'माझे वडील आता माझं ऐकतात.' आप्पांनी तो फोटो मास्तरांना दाखवून विचारलं, यात खोटं काय ते ओळख. पण हे सगळं नंतरचं.

एक तारखेला चार वाजता भोंगा मुद्दाम घरी थांबला. उंबऱ्यावर त्याने आप्पांच्या दोन्ही कानांत तपकिरी मशीनं बसवली. खिडकीत सूनबाई, पाळीला उशीर करून थांबलेल्या. आप्पा दोन पावलं चालले आणि थांबले.

"हे फटक फटक काय वाजतंय?"

"तुमच्याच चपला."

"शी. आणि इतकी वर्षं मी या घालून लोकांत फिरतोय?"

भोंगा फुटपाथवर थांबला, आप्पा रस्त्यावर उतरले. अर्ध्यात पोहोचले आणि कोपऱ्यावरून बिस्किटांची व्हॅन वळली. तोच ड्रायव्हर होता. म्हाताऱ्याला ओळखून त्याने लांबूनच हॉर्न धरून ठेवला, सोडलाच नाही. भोंग्याने एक पाय रस्त्यावर टाकला.

आप्पांनी ऐकलं. जागच्या जागी थांबले. पण बाजूला झाले नाहीत, तर गर्रकन वळून थेट व्हॅनच्या तोंडाला तोंड देऊन उभे राहिले. व्हॅन चार हातांवर करकचून थांबली.

"ए!" आप्पा गरजले. "एवढ्या जोरात? बहिरा समजलास काय मला?"

"आजोबा, बाजूला व्हा ना!"

"तिथून ओरडू नकोस! खाली उतर, समोर येऊन बोल!"

व्हॅनमागे एक मोटार थांबली, तिच्यामागे दोन, मग एक ट्रक. प्रत्येकाने आपापला हॉर्न वाजवला आणि आप्पा प्रत्येकाला वळून वळून वेगळं उत्तर द्यायला लागले. भोंगा धावत मध्ये घुसला, त्यांचा दंड धरून ओढू लागला. बाकावरचे तिघं पत्ते हातात धरून उभे राहून बघत होते.

खिडकीतून सूनबाई ओरडल्या, "अहो, आधी ते मशीन काढा त्यांचं!"

"ऐकलं हं मी, सूनबाई!" आप्पा रस्त्यातूनच ओरडले.